आभार मानायला शिकताना

रोज रात्री एकाच गोष्टीबद्दल देवाचे आभार मान, पण ती नेमकी सांग. "सगळ्यासाठी धन्यवाद, प्रभू" म्हणून उरकू नकोस. शेजाऱ्याने पावसाआधी कौलं शाकारून दिली, असं स्पष्ट म्हण.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, घरात पैशाची ओढाताण. तेव्हा उसनं हसू नको. आधी रडून घे. बायबलमधलं १३ वं स्तोत्र "किती काळ?" विचारतच सुरू होतं, शेवटी गाण्यावर येतं. येशूचा प्रेषित पौल यानेही फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, आभारासह मागणं करायला सांगितलं ते कैदेतून.

माणसांनाही सांग बरं का! लूकच्या शुभवर्तमानात, १७ व्या अध्यायात, येशूमुळे दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला परतला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. मला हे फार लागतं. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, झाल्यावर चर्च झाडणाऱ्या मावशींना आवर्जून भेट.