विषय उत्तम येणारा शिक्षक वर्गात कमी का पडतो?

प्रश्न असा आहे: विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि विद्यार्थ्यांकडे आधीपासून असलेलं ज्ञान, यांपैकी वर्गात जास्त कामाचं कोणतं? आणि विषयात पक्का असलेला माणूस शिकवायला उभा राहिला की कधीकधी सगळं मुलांच्या डोक्यावरून का जातं?

माझं थोडक्यात उत्तर: विषय येणं आणि वर्ग सांभाळता येणं, या दोहोंच्या मध्ये आणखी एक ज्ञान लागतं. अमुक घटक शिकताना मुलं नेमकी कुठे अडतात, कशामुळे अडतात आणि तिथे कोणतं उदाहरण चालतं, याचं ज्ञान. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली हे वेगळं काढून दाखवलं. तोवर शिक्षकाची परीक्षा एकतर विषयात घेतली जायची, नाहीतर फलकलेखन, शिस्त, पाठाचं नियोजन यांत. मधला भाग कोणी तपासतच नव्हतं. आजही फारसं कोणी तपासत नाही, असं माझं मत आहे.

हा मधला भाग दिसतो कसा? लिपिंग मा यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ अमेरिकी आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांना एक गणित दिलं होतं: पावणेदोनला अर्ध्याने भागा, आणि या भागाकाराला शोभेल असं एक शाब्दिक उदाहरण तयार करा. अमेरिकी शिक्षकांपैकी फक्त ९ जण बरोबर उत्तरापर्यंत पोचले, आणि बरोबर शाब्दिक उदाहरण त्यांच्यातल्या एकालाच करता आलं. चिनी शिक्षकांनी गणित सगळ्यांनी बरोबर सोडवलं, पण योग्य उदाहरण त्यांच्यातल्याही सगळ्यांना जमलं नाही. जमलं ते ९० टक्क्यांना. म्हणजे रीत येणं आणि त्या रीतीचा अर्थ मुलासमोर मांडता येणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

इथली ठरलेली चूक अशी की ‘पावणेदोन पोळ्या दोघांत वाटा’ छापाचं उदाहरण तयार होतं. तो दोनाने भागाकार झाला, अर्ध्याने नव्हे. बरोबर उदाहरण असं: पावणेदोन मीटर फितीचे अर्ध्या अर्ध्या मीटरचे किती तुकडे होतील? आता खरी मजा पुढे आहे. मूल फीत कापतं, तीन तुकडे होतात, पाव मीटर उरते, आणि मूल म्हणतं, ‘सव्वातीन’. वहीतल्या रीतीने मात्र साडेतीन येतं. ज्याला फक्त रीत येते तो इथे ‘रीतीनेच कर’ म्हणून पुढे जातो. ज्याला हा घटक शिकवण्याचं ज्ञान आहे त्याला ही अडचण आधीच माहीत असते, आणि तो विचारतो: उरलेली पाव कशाची पाव? ती मीटरची पाव आहे. आपण मोजतोय तुकडे. अर्ध्या मीटरच्या तुकड्यापुढे पाव मीटर म्हणजे अर्धा तुकडा, म्हणून साडेतीन. हा एक प्रश्न वेळेवर विचारता येणं म्हणजेच ते मधलं ज्ञान. ते गणिताच्या पदवीतून आपोआप येत नाही, आणि ‘मुलांना बोलतं करा’ या सल्ल्यातूनही येत नाही.

विषयात तज्ज्ञ असणं कधीकधी अडचणीचंही ठरतं. सवयीने पायऱ्या एकमेकींत मुरतात आणि तज्ज्ञाला त्या दिसेनाशा होतात. चि, फेल्टोविच आणि ग्लेसर यांनी १९८१ साली भौतिकशास्त्रातल्या उदाहरणांची गटवारी करून घेतली, तेव्हा नवख्यांनी ‘उताराची’, ‘कप्पीची’ असे दिसण्यावरून गट केले आणि तज्ज्ञांनी ‘ऊर्जेच्या अक्षय्यतेची’ असे तत्त्वावरून. शिक्षक फळ्यावर उताराचं उदाहरण सोडवतो तेव्हा त्याला तत्त्व दिसत असतं, मुलांना उतार. दुसऱ्या दिवशी उतार नसलेलं, पण त्याच तत्त्वाचं उदाहरण आलं की मुलं म्हणतात, ‘हे शिकवलंच नाही’. दोघंही खरं बोलत असतात.

त्यावर उपाय अगदी साधा आहे, पण कंटाळवाणा. पाठाच्या आदल्या दिवशी एक उदाहरण स्वतः सोडवा आणि प्रत्येक ओळीशेजारी ‘हे करायचं मला कशावरून सुचलं?’ याचं उत्तर लिहा. जिथे ‘उघडच आहे’ असं लिहावंसं वाटतं तिथेच मुलं अडतात. मग एकाच तत्त्वाची, पण दिसायला वेगळी अशी तीन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून त्यांत सारखं काय ते मुलांना शोधायला लावा. एकाच साच्याची दहा उदाहरणं दिली की साचाच पाठ होतो.

आता विद्यार्थ्याकडे वळू. कोऱ्या पाटीचं मूल वर्गात येतच नाही. त्याच्याकडे आधीची समजूत असते, ती बऱ्याचदा सुसंगत असते आणि पूर्वी कुठेतरी बरोबर ठरलेली असते. दशांश अपूर्णांक घ्या. ०.३, ०.४२६ आणि ०.५२ हे चढत्या क्रमाने लिहायला सांगा. पूर्ण संख्यांचा नियम इथे लावणारी मुलं ०.३, ०.५२, ०.४२६ लिहितात, कारण जास्त आकडे म्हणजे मोठी संख्या. दुसरा गट बरोबर उलट, ०.४२६, ०.५२, ०.३ लिहितो, कारण हजारांश लहान असतात एवढं त्यांनी ऐकलेलं असतं. दोन्ही गटांना ‘चूक’ म्हणून एकच खुलासा दिला तर एका गटाची चूक पक्की होते. ‘हजारांश दशांशापेक्षा लहान असतो’ हे वाक्य पहिल्या गटाला उपयोगी आणि दुसऱ्याला घातक.

संख्या निवडण्यातही ज्ञान लागतं. ०.३७५, ०.४५, ०.८ या तीन संख्या दिल्या तर दुसऱ्या गटाचं उत्तर चुकीच्या कारणाने बरोबर येतं आणि शिक्षक समाधानाने पुढच्या धड्याला लागतो. तपासणीचा प्रश्न असा हवा की प्रत्येक चुकीच्या समजुतीतून वेगळं उत्तर निघेल. आणखी एक बारीक गोष्ट: ०.४२६ हे ‘पॉइंट चारशे सव्वीस’ असं वाचणं वर्गात बंद करा. ‘चार दशांश, दोन शतांश, सहा सहस्रांश’ म्हणा, निदान ‘चार, दोन, सहा’ तरी. वाचनातूनच पहिल्या गटाच्या चुकीला खतपाणी मिळतं.

विज्ञानात हे जास्त चिवट असतं. ढकललेला चेंडू पुढे जातोय म्हणजे त्याच्यावर पुढच्या दिशेने बल लागत असणारच, ही चुकीची समजूत रोजच्या अनुभवातून आलेली असते, त्यामुळे न्यूटनचे नियम पाठ असूनही ती टिकते. अशा वेळी प्रयोग करून दाखवला की काम झालं असं वाटतं. तसं होत नाही. हार्वर्डमधल्या २००४ सालच्या एका अभ्यासात दिसलं की प्रयोग नुसता बघणाऱ्या विद्यार्थ्यांची समज तो न बघणाऱ्यांपेक्षा नगण्य फरकानेच पुढे होती. आधी ‘काय होईल’ याचा अंदाज बांधायला लावलेल्यांची समज मात्र स्पष्टपणे वाढली. यासाठी दोन-तीन मिनिटंच जास्त लागतात. पद्धत अशी: प्रयोगाची मांडणी दाखवा, अंदाज आणि त्याचं कारण वहीत लिहून घ्या, मग प्रयोग करा, काय दिसलं ते शब्दांत लिहायला लावा, शेवटी अंदाज आणि निरीक्षण यांतल्या फरकावर बोला. तोंडी अंदाज चालत नाही. निकाल दिसल्यावर ‘मी हेच म्हणत होतो’ म्हणणारे निम्मे तरी निघतात.

फिलिप सॅडलर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली मधल्या इयत्तांच्या विज्ञान शिक्षकांना प्रश्नपत्रिका देऊन दोन गोष्टी विचारल्या: बरोबर उत्तर कोणतं, आणि तुमचे विद्यार्थी सर्वांत जास्त कोणतं चुकीचं उत्तर निवडतील. ठाम गैरसमज असलेल्या प्रश्नांत दोन्ही सांगू शकणाऱ्या शिक्षकांचे विद्यार्थी जास्त शिकले. बरोबर उत्तर एकट्याने पुरलं नाही.

मुलांच्या आधीच्या ज्ञानाचा दुसरा भाग म्हणजे शाळेबाहेर कमावलेलं ज्ञान. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी जरूर समजून घ्यावा. विक्री करताना विचारलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्के त्यांनी बरोबर केले. तीच गणितं नुसती आकड्यांत कागदावर दिली तेव्हा बरोबर आली ३७ टक्के, आणि शाब्दिक उदाहरणांत ७४ टक्के. एका १२ वर्षांच्या मुलाला ३५ क्रुझेरोला (ब्राझीलचं तेव्हाचं चलन) एक, अशा चार नारळांचे किती झाले असं विचारल्यावर त्याने तीन नारळांच्या १०५ पासून सुरुवात करून १४० सांगितले. कागदावर ३५ गुणिले ४ करताना त्याचं उत्तर आलं २००. कसं? चार पंचे वीस, शून्य लिहिलं, हातचे दोन; तीन आणि दोन पाच, चार पंचे वीस. हातचा गुणाकारानंतर मिळवण्याऐवजी आधीच मिळवला. दोनशे हे उत्तर नारळांच्या बाबतीत त्याने क्षणभरही मान्य केलं नसतं, पण कागदावरचे आकडे कशाचेच नव्हते.

यावरून ‘सगळं व्यवहारातूनच शिकवा’ असा निष्कर्ष काढतात, तो मला घाईचा वाटतो. तोंडी रीत मोठ्या संख्यांना आणि दशांशांना पुरत नाही. लेखी रीत तिथेच कामाला येते. करायचं ते असं: आधी मुलाला त्याच्या रीतीने सोडवू द्या, ती रीत तो बोलेल तशी फळ्यावर लिहा, तिच्याखाली लेखी रीत मांडा आणि कुठली पायरी कुठे बसते ते बाणांनी जोडून दाखवा. तीसचे चार वेळा १२०, पाचचे चार वेळा २०, मिळून १४०. हा २० लेखी रीतीत हातचा होऊन बसलेला असतो, हे एकदा दिसलं की हातचा कधी मिळवायचा ते वेगळं पाठ करावं लागत नाही. आणि मुलाला काय येत असेल हे त्याच्या वस्तीवरून किंवा आईवडिलांच्या कामावरून गृहीत धरू नका. विचारा. सुताराच्या मुलाला मोजमाप येतंच, असं काही नसतं.

काही ज्ञान सांगून पोचतच नाही. निबंधाची सुरुवात बरी झाली की नाही हे ओळखणं, सिद्धता कुठून सुरू करायची ते ठरवणं, सूक्ष्मदर्शक नीट जुळवणं. याच्या व्याख्या फळ्यावर लिहून उपयोग नसतो. करून दाखवताना शिक्षकाने मनातलं मोठ्याने बोलावं, चुकीच्या वाटेसकट: ‘इथे मी आधी हे करून बघितलं असतं, पण पुढे अडलो असतो, कारण...’ नवख्यांसाठी पूर्ण सोडवलेली उदाहरणं नुसत्या सरावापेक्षा चांगली, हे स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ साली बीजगणितात दाखवलं. दोन उदाहरणं पूर्ण सोडवलेली, तिसऱ्यात शेवटची पायरी रिकामी, चौथ्यात शेवटच्या दोन, मग पूर्ण स्वतः, हा क्रम बहुतेक ठिकाणी चालतो. मात्र ज्यांना रीत बसली आहे त्यांना सोडवलेली उदाहरणं देत राहिलं की त्यांची प्रगती खुंटते. त्यांना सरळ नवी उदाहरणं द्या.

स्वतःला काय येतं याची जाण हाही ज्ञानाचाच प्रकार आहे आणि मुलांमध्ये तो सर्वांत कच्चा असतो. धडा तीनदा वाचला की ओळखीचा वाटतो आणि ‘येतंय’ असा भास होतो. चाचणीच्या आधी प्रत्येक प्रश्नापुढे ‘नक्की येईल, कदाचित, येणार नाही’ यांतलं एक लिहायला लावा आणि पेपर परत देताना त्याच्याशी ताडून बघायला लावा. ‘नक्की’ लिहून चुकलेले प्रश्न आधी घ्यायचे.

शिक्षकाने हे मधलं ज्ञान मिळवायचं कसं? माझ्या मते प्रशिक्षणवर्गांपेक्षा वहीतून लवकर मिळतं. एका घटकासाठी एक पान, तीन रकाने: मुलाने लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं, त्यामागे काय विचार असेल, आणि तो विचार उघडा पाडणारा प्रश्न. दुसरा रकाना अंदाजाने भरू नका. मुलाला जवळ बोलावून ‘हे कसं काढलंस ते सांग’ म्हणा आणि गप्प बसा. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात मोजलं तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि मुलं कारणंही देऊ लागली. तोच विषय शिकवणाऱ्या आणखी दोघा-तिघांबरोबर महिन्यातून एकदा ही पानं ताडून बघितली तर दोन वर्षांत बहुतेक घटकांचे नेहमीचे अडथळे हाताशी येतात. हा उपक्रम फसतो तो एकाच जागी: दुसऱ्या रकान्यात ‘निष्काळजीपणा’ असं लिहायला सुरुवात झाली की. ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिणारं मूल निष्काळजी नसतं. ते प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान वजा करत असतं, आणि ७१ वजा ३८ दिलं तर ४७ लिहील, हे तुम्हाला आधीच सांगता यायला हवं.