वार्षिक वर्गणीचे पैसे आधीच खर्च करू नकोस

ट्विटरवर (आताच्या एक्सवर) पोस्ट शेड्यूल करणारं टूल काढतोयस, जरूर काढ. पण आधी ट्वीटबॉटचं काय झालं ते नीट वाच. ट्विटर वाचायचं-लिहायचं दुसऱ्या कंपनीचं, २०११ पासूनचं ॲप, लोक आनंदाने पैसे मोजायचे. जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरने पूर्वसूचना न देता त्याचा एपीआय, म्हणजे ॲपला ट्विटरशी जोडणारा दुवा, बंद केला. अशा ॲप्सना मनाई करणारा नियम लिहून आला तो आठवडाभराने. ट्विटरिफिक या तशाच दुसऱ्या ॲपचंही तेच झालं. सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट पुढची. उरलेल्या वर्गणीचा परतावा डोक्यावर बसला, म्हणून दोघांनी ॲपमध्ये ‘मला परतावा नको’ असं बटण ठेवून ग्राहकांना विनंती केली. म्हणून सुरुवातीला मासिक वर्गणीच ठेव. वार्षिक घेतलीसच, तर दर महिन्याचा बारावा हिस्साच आपला समज, बाकीला हात लावू नकोस.

माझंही एक टूल असंच बंद पडलं. शनिवारी सकाळी लॉग उघडला तर ओळीने ४०३, ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’. ग्राहकांना कळवायला गेलो, तर माझ्याकडे त्यांची फक्त ट्विटरवरची नावं (हँडल्स)! तू पहिल्या साइनअपपासून ईमेल घे. आणि एपीआयचे सगळे कॉल एकाच मॉड्यूलमध्ये ठेव, म्हणजे उद्या मॅस्टोडॉन किंवा ब्लूस्काय यांसारखं ट्विटरसारखंच दुसरं नेटवर्क जोडायचं झालं तर बाकी कोडला धक्का लागणार नाही. हे काम लाँचच्या आधीच उरकून घे, नंतर वेळ मिळत नाही.