पेटीत काय आहे, ते विचार

प्रिय पोरा,

परवा रात्री पावणेबाराला तू चाकणहून फोन केलास आणि मी तुझ्यावरच चिडलो. नंतर मला झोप लागली नाही. तुझं म्हणणं साधं होतं. चौदा फुटी गाडी, हौद्यात बुटाच्या खोक्याएवढा एकच खोका, नाशिकच्या अंबडहून तिथवर पावणेदोनशे किलोमीटर, आणि आत काय आहे ते तुला ठाऊक नाही. विचारलंस तर डिस्पॅचवाला म्हणाला, "तू ड्रायव्हर ना? मग गाडी चालव." तू गप्प बसलास आणि निघालास. संगमनेरपर्यंत तुला वाटत होतं की कुणीतरी आपल्याकडून भलतंच काही पोचवून घेतंय. नारायणगाव ओलांडल्यावर वाटायला लागलं की डिप्लोमा करून आपण हेच करायचं का.

डिप्लोमाचं तू आणि तुझे वडील बघून घ्या. मी खोक्याचं बोलतो.

त्यात रबरी ओ-रिंग होत्या, सांध्यातून गळती होऊ नये म्हणून बसवतात त्या कड्या. मी सकाळी त्याच माणसाला फोन केला आणि त्याने एका वाक्यात सांगून टाकलं. आधी गेलेल्या लॉटमध्ये खोट निघाली होती आणि तो सगळा लॉट बाजूला काढला होता. गाड्यांच्या कारखान्यात हल्ली काही तासांपुरताच माल हाताशी असतो, बाकीचा रस्त्यावर असतो. पार्ट संपला की लाइन थांबते, मिनिटामिनिटाचा हिशोब लागतो आणि नुकसानवसुलीची डेबिट नोट पुरवठादाराच्या नावाने फाटते. त्यापुढे तुझं भाडं म्हणजे चहापाणी. मूठभर रबराला अख्खी गाडी का लागली, ते यात आलं. हे तुला अंबडच्या गेटवरच कळलं असतं तर रस्ताभर जीव टांगणीला लागला नसता. एकदा विचारलंस, उलट उत्तर आलं. दुसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं?

पेटीत काय आहे ते विचारायचं. विचारल्याशिवाय माल चढवायचा नाही. मी हे या पत्रात परत परत सांगणार आहे. कंटाळलास तरी वाच.

2006 च्या जुलैमधली गोष्ट. ही मी तुझ्या वडिलांनाही सांगितलेली नाही. सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपमधून एक लाकडी पेटी मुंबईला, सहारच्या विमानतळावर कार्गोत पोचवायची होती. छातीएवढी उंच, अरुंद. बिलावर नुसतं 'मशिनचा पार्ट'. रात्री दहाच्या आत गेटवर पाहिजे, एवढंच मला सांगितलं. मी दोरी मारली आणि निघालो. घोटी येईपर्यंत पावसाने झोडपून काढलं. पेटी डोलत होती. पुढे कसारा घाट. म्हणून घोटीला ढाब्याच्या पत्र्याखाली मी आणि क्लीनरने ती हळूच आडवी केली, खाली गोणपाट टाकलं, चारी बाजूंनी करकचून बांधली. सहारपर्यंत ती तसूभर हलली नाही. मला माझ्या बांधणीचा अभिमान वाटत होता.

कार्गोच्या गेटवर माणसाने बॅटरी मारली. पेटीच्या बाजूला एक स्टिकर होतं, त्यात शर्टाच्या बटणाएवढी खिडकी. सकाळी ती पांढरी होती, आता लाल झाली होती. मी अंगठ्याने पुसून पाहिलं. दोनदा पुसलं. रंग प्लास्टिकच्या आत होता. पेटी कलंडली की तो लाल होतो आणि परत पांढरा होत नाही, हे मला त्या माणसाने सांगितलं. माल त्यांनी घेतला नाही. पहाटे पेटी परत सातपूरला आणली. आता ती उभी ठेवून.

मालक ओरडला नाही. पेटीवर तळहात ठेवून नुसता उभा राहिला. नुकसानभरपाई मागितली नाही, पण पुन्हा मला बोलावलंही नाही. दोनेक वर्षांनी त्या गल्लीत गेलो तर शटर बंद. ते त्या पेटीमुळे बंद पडलं असं कुणी म्हणालं नाही, मीही म्हणत नाही. पण त्या पेटीत काय होतं ते मला आजही माहीत नाही. वीस वर्षं होत आली.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं, हे खरं आहे. "उभीच ठेव" हे दोन शब्द कुणाच्या तोंडून निघाले नव्हते. स्टिकरवरचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, सातवीला माझी शाळा सुटली. वरच्या दिशेचे बाण दिसले होते, पण बाण सगळ्याच पेट्यांवर असतात. आणि घाटात त्या पावसात ती उभी राहिली असती याची खात्री काय? यातला शब्द न् शब्द मी शपथेवर सांगेन. पण मी विचारलं असतं तर मालकाने सांगितलं असतं. तो तिथेच उभा होता, माझ्यापासून चार हातांवर.

म्हणून आता मी विचारतो, लोक तिरसट म्हणतात तरी विचारतो.

विचारायला लागल्यावर काय काय कळलं ते सांगतो, कारण तुला वाटतं की अर्जंट गाडीत नुसते नटबोल्ट जातात. उरुळी कांचनहून एकदा मी ॲल्युमिनियमचे बुटके कॅन आणले, दुधाच्या कॅनसारखे, गळ्यापाशी अरुंद. झाकण सैल. कडेतून पांढरी वाफ निघून खाली ओघळत होती, वर जात नव्हती. मी म्हटलं, चोरीला नको जायला, केबिनमध्ये ठेवतो. आणि सवयीने विचारलं, आत काय? आत बैलाच्या वीर्याच्या बारीक नळ्या होत्या, गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी, आणि त्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या. उणे 196 अंश. एका लिटरचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो. बंद केबिनमध्ये तो साठला की हवेतला प्राणवायू हटतो. वास नाही, खोकला नाही, ड्रायव्हरला फक्त झोप आल्यासारखं वाटतं. झाकण सैल असतं ते मुद्दाम, घट्ट लावलं तर कॅन फुटेल. मी ते कॅन मागे उघड्या हौद्यात उभे बांधले. हे पत्र लिहायला मी आहे, तो त्या एका प्रश्नामुळे.

मधमाश्यांच्या पेट्या नेल्या आहेत. कांद्याच्या बियाण्याचं शेत फुलोऱ्यात आलं की परागीभवनासाठी शेतकरी त्या भाड्याने आणतात. अंधार पडला, माश्या घरी परतल्या की दार बंद करायचं आणि रातोरात पोचवायच्या. गाडी चालती असली की जाळीतून वारा लागतो. जेवायला तासभर थांबलास तर आतल्या आत उकडून मरतात. ज्याने विचारलं नाही तो ढाब्यावर निवांत बसणार.

द्राक्षाच्या हंगामात पिंपळगावच्या पॅकहाऊसला कागदाचे पॅड जातात. दिसायला वहीची पानं. निर्यातीच्या पेटीत द्राक्षावर बुरशी येऊ नये म्हणून घालतात, आणि ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. फाटकी ताडपत्री आणि अवकाळीची सर, एवढं पुरे. डोळे चुरचुरायला लागल्यावर विचारून उपयोग नाही.

रिकामे क्रेटसुद्धा अर्जंट जातात. पहिल्यांदा मला ती चेष्टा वाटली. पण क्रेट नाहीत तर तयार पार्ट ठेवायचा कशात? तिथेही लाइनच थांबते.

आडगावचा माझा एक जोडीदार मुंबईहून इथल्या हॉस्पिटलला एक लहानसं भांडं आणायचा. उचलायला गेलं की हात खाली ओढला जायचा, कारण ते शिशाचं होतं. आत कॅन्सरच्या तपासणीचं औषध, फ्लोरीन-18 चं. दर 110 मिनिटांनी ते निम्मं होतं. म्हणजे तीन तास चाळीस मिनिटांत चौथा हिस्सा उरतो. कसाऱ्याला जाम लागला की त्याच्या मागे माल नुसता पडून राहत नव्हता, संपत होता, आणि इकडे पेशंट उपाशीपोटी बसलेला. तो कुठेही चहाला थांबायचा नाही. कुणी दटावलं म्हणून नव्हे, त्याला माहीत होतं म्हणून.

तू म्हणशील, मामा, कंपन्यांची गुपितं असतात, सांगत नाहीत. नको सांगू देत. मालाचं नाव सांगायचं नसेल तर राहू दे. मालाचा स्वभाव सांगायलाच हवा. उभा की आडवा? ऊन चालतं का? पाणी? हादरा? किती वेळ टिकतो? सांडला तर मी काय करायचं? यातून कुणाचं गुपित फुटत नाही. आणि धोकादायक मालाबाबत तर हा कायदाच आहे. पाठवणाऱ्याने पूर्ण माहिती द्यायची आणि ती लेखी ड्रायव्हरच्या केबिनमध्ये असली पाहिजे, त्याला ट्रेम कार्ड म्हणतात. असा माल नेणाऱ्या ड्रायव्हरला तीन दिवसांचं प्रशिक्षण लागतं. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत हे आहे. तुझ्या लायसन्सवर ती नोंद नाही, तेव्हा असा माल तुझा नाहीच.

तोंडाने सांगत नसतील तर कागद वाच. तुला तर इंग्रजी येतं. बिलावर एचएसएन कोड असतो, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा नंबर, त्याचे पहिले चार आकडे बघ. 8482 म्हणजे बेअरिंग, 8480 म्हणजे साचे, 8708 म्हणजे गाड्यांचे सुटे भाग.

2019 मध्ये सिन्नरकडच्या एका शेडमधून मला सहा ड्रम भरायचे होते. लेबल खरवडलेलं, एकाच्या बुडाशी ओल, वास नाकात झोंबणारा. विचारलं तर म्हणे साबणाचं सामान आहे. बिलावर पहिले दोन आकडे 28. साबण 34 मध्ये येतो, 28 म्हणजे रसायनं. ट्रेम कार्ड मागितलं तर त्याने मलाच वेड्यात काढलं. मी हौद्याचं फाळकं लावलं आणि रिकामा परत आलो. गिऱ्हाईक कायमचं तुटलं, महिन्याला सात-आठ फेऱ्यांचं होतं. माझ्याच मेहुण्याने ते ड्रम नेले आणि सुखरूप पोचवले. घरात आजही तो विषय निघतो. निघू दे. मी बरोबर होतो. गाडी पोचली म्हणून न विचारणं बरोबर ठरत नाही, हे मी त्याला सहा वर्षं सांगतोय.

फोनवर तू म्हणालास, विचारलं की अपमान होतो. अरे, ई-वे बिलावर तुझ्या गाडीचा नंबर आहे. नाक्यावर अडवलं तर डिस्पॅचवाला येणार नाही, तू उभा असशील. तो गेटच्या आत राहतो आणि माल तुझ्या पाठीशी दीड हातावर असतो, रात्रभर. कुणी विचारायचं मग? मला राग याचा येतो की तुला प्रश्न पडला होता. आमच्यातल्या निम्म्यांना तो पडतच नाही. तुला पडला, आणि तू तो पावणेदोनशे किलोमीटर गिळून बसलास.

उद्या पहाटे साडेचारला मुसळगावातून तुझी गाडी भरायची आहे. पेटी लाकडी आहे, हैदराबादला जायची आहे. मी फोनवर विचारलं, तो म्हणाला माप तपासायचं गेज आहे, तपासून आलेलं, हादरा नको. एवढ्याने माझं समाधान झालेलं नाही. तू तिथे उभा राहून परत विचार. चारही बाजूंनी बॅटरी मार, स्टिकर असेल तर आधी त्याचा फोटो काढ, त्यांच्या माणसाच्या हातासकट. मग मला फोन करून वर काय काय लिहिलंय ते वाचून दाखव. मी चारपासून जागा आहे. तोवर दोरी मारू नकोस.

तुझा,
मामा