हातात काय ठेवलं, ते बघ

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

डेन्मार्क दरवर्षी एवढं अनुदान देतं, शाळा-इस्पितळं बांधली, मग ग्रीनलंडला आणखी काय हवंय, या प्रश्नावर तुझा प्रबंध अडलाय. अडणारच. काय दिलं याचीच यादी तू करत बसली आहेस. डेन्मार्कनं स्वतःच्या हातात काय राखून ठेवलं, ते बघ.

१९५३ ला वसाहतीचा दर्जा गेला, १९७९ ला होमरूल, म्हणजे मर्यादित अंतर्गत कारभार, २००९ ला स्वशासन. तारखा बरोबर आहेत, पण तारखांनी काही कळत नाही. इस्पितळांचंच घे. आरोग्य खातं १९९२ पर्यंत डेन्मार्ककडे होतं. साठ-सत्तरच्या दशकांत त्याच व्यवस्थेतल्या डॉक्टरांनी हजारो बायकांना, शाळकरी मुलींनासुद्धा, न विचारता गर्भनिरोधक लूप बसवले. २०२५ साली डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी ग्रीनलंडच्या राजधानीत, नूकमध्ये जाऊन त्याची माफी मागितली. तुझ्या टिपणात इस्पितळं आहेत, त्या मुली नाहीत. का नाहीत?

आता २००९ चा कायदा उघड. खनिजं ग्रीनलंडला मिळाली. स्वतंत्र व्हायचं की नाही, हे तिथल्या लोकांनी ठरवायचं, असं कलम २१ सांगतं. हे मोठंच आहे, कमी लेखू नकोस. पण परराष्ट्र धोरण, संरक्षण, चलन कोपनहेगनकडेच राहिलं. आणि कलम ८ वाच: खनिजांचं उत्पन्न वर्षाला साडेसात कोटी डॅनिश क्रोनरच्या वर गेलं, की वरच्या रकमेच्या निम्म्याइतकं अनुदान कमी होणार. हे अनुदान २००९ च्या भावानं सुमारे ३४४ कोटी क्रोनर, म्हणजे तिथल्या सरकारी तिजोरीचा साधारण निम्मा भाग. खाण चालली तरी हातात निव्वळ किती पडेल, याचा हिशेब मांड. मग कृतघ्नपणाची भाषा कर.

आपल्याकडे वेगळं काय झालं? फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर परांजपे १९२१ ला मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांनी तळमळीनं आणला. पण इंग्रजांच्या द्विदल पद्धतीत प्रांताची खाती दोघांत वाटलेली: शिक्षण 'सोपीव', म्हणजे मंत्र्याकडे, आणि अर्थखातं 'राखीव', गव्हर्नरच्या मुठीत. शाळा मंत्र्याची, पैसा दुसऱ्याचा. पुण्यात राहून हे तुला कुणी शिकवलं नाही, याचा मला राग येतो. तुझ्यावर नाही गं.

मी वर्गात वर्षानुवर्षं हेच विचारत आलो. लोक हेकट म्हणाले, चर्चासत्रांना बोलावणं बंद झालं. जे पुस्तक लिहायला हवं होतं ते राहूनच गेलं, याची हळहळ आहे. पण प्रश्न सोडला नाही, आणि सोडायला नको होता, हे आजही छातीठोकपणे सांगतो. सनद कुणाचीही असो, आधी राखीव काय ते वाचायचं.

विषय बदलू नकोस. तुझे गाईड म्हणतात तसा तो 'लांबचा' नाही. कलम ७ ते १० स्वतः मराठीत उतरव, सारांश नको, आणि शनिवारी सकाळी घरी ये. परांजप्यांच्या काळातले इलाख्याचे अंदाजपत्रकाचे कागद काढून ठेवतो, दोन्ही शेजारी ठेवून बघू.