दुखणं कमरेत आहे, मग समुपदेशकाकडे कशाला?

"मॅडम, माझं दुखणं खोटं आहे असं डॉक्टरांना वाटते का?"

कमरेची गादी सरकून नस दबलेली माणसं माझ्याकडे पाठवली जातात, तेव्हा बहुतेकांच्या मनात हाच प्रश्न असतो. काही जण तो विचारतात. बाकीचे विचारत नाहीत, पण चिठ्ठी पुढे करताना त्यांचा चेहरा पडलेला असतो. एमआरआयमध्ये सगळं दिसतंय, पाय रात्रभर आग करतोय, गोळ्या चालू आहेत, आणि डॉक्टर म्हणतात समुपदेशकाला भेटून घ्या. घरचे लगेच अर्थ काढून मोकळे होतात, "मनाचंच आहे म्हणजे." आधीच वेदनेने पिचलेल्या माणसाला हे वाक्य फार लागतं.

माझं उत्तर पहिल्याच भेटीत असतं. तुमचं दुखणं खरं आहे आणि ते तपासायला मी बसलेली नाही. दुखण्याच्या मागोमाग जी भीती, जे जागरण आणि जी चिडचिड घरात शिरते, तिच्यावर आपण काम करायचं. ते केल्याने दुखणंही काही प्रमाणात उतरतं, कारण वेदना पोहोचते मेंदूत, आणि झोप नसलेला, घाबरलेला मेंदू तीच वेदना जास्त मोठी करून घेतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली. तिच्यातही वेदना म्हणजे शरीराची जाणीव आणि भावना असा दोन्हींचा मिळून अनुभव मानला आहे.

नागपूरच्या महाल भागात शिलाईचं दुकान असलेल्या एका भाऊंबद्दल सांगते. त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना मी भाऊच म्हणायची, इथेही तेच म्हणते.

मार्चमध्ये नागपुरात घरोघरी कूलर निघतात. भाऊ गच्चीवरचा लोखंडी कूलर एकट्याने उतरवत होते, जिन्यात पाय घसरला आणि कूलरचा भार घेऊनच ते दोन पायऱ्या खाली बसले. त्या दिवशी फक्त कंबर धरली. तीन-चार दिवसांनी उजव्या कुल्ल्यापासून पोटरीच्या बाहेरून थेट अंगठ्यापर्यंत करंट उतरायला लागला. खोकलं की कळ, शिंकलं की कळ. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर येऊन नसेला लागलेली दिसली. माझ्याकडे ते मे महिन्यात आले. खुर्चीत बसवतच नव्हतं, म्हणून पहिली भेट आम्ही दोघांनी खिडकीशी उभं राहून केली.

वहिनी सोबत होत्या. म्हणाल्या, "हे कोणालेच काही सांगत नाही. गिऱ्हाईकाले म्हणते बरं आहे, अन् घरात पोरावर ओरडते." पोरावर राग का, तर कूलर उतरवायला तो थांबला नाही म्हणून. आणि वहिनी रोज एकदा तरी म्हणायच्या, दोन माणसं बोलवा म्हणून मी सांगितलं होतं. अपघात होऊन दोन महिने झाले होते, तरी त्या घरात तो जिना रोज घडत होता.

भाऊंची भीती मात्र वेगळीच होती. रिपोर्टमधले शब्द त्यांनी रात्री मोबाइलवर शोधले होते. त्यावरून त्यांनी ठरवलं होतं की वाकलं तर गादी पूर्ण निसटेल, नस तुटेल आणि पाय कायमचा जाईल. म्हणून पट्टा चोवीस तास, आणि दिवसाचा बहुतेक वेळ फरशीवर सतरंजी टाकून आडवं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण भीतीपुढे ते टिकलं नाही.

या भीतीवर नुसत्या धीराचा उपयोग नसतो, माहिती लागते. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ती मी सोप्या भाषेत मांडली. गादी साबणासारखी सटकत नाही, ती वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट धरलेली असते. तिच्या बाहेरच्या कड्याला चीर पडते आणि आतला मऊ भाग तिथून बाहेर येतो. त्याच्या दाबाने आणि त्यामुळे होणाऱ्या दाहाने नस चिडते. बाहेर आलेला हा भाग शरीर बऱ्याचदा हळूहळू शोषून घेतं, आणि जास्त बाहेर आलेले तुकडेही पुष्कळदा आकसतात. अनेकांचा त्रास सहा ते बारा आठवड्यांत उतरणीला लागतो, काहींना जास्त वेळ लागतो. अंथरुणाला खिळून राहिल्याने तो लवकर उतरत नाही.

रिपोर्टलाही त्याची जागा दाखवावी लागते. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या कमरेच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये आला होता. त्यात चाळिशीतल्या सुमारे निम्म्या लोकांत गादी फुगलेली आढळली. भाऊंची नस खरंच चिडलेली होती, त्यामुळे त्यांचा रिपोर्ट बिनमहत्त्वाचा नव्हता. पण फोटोत दिसतं तेवढ्यावरून पुढचं सगळं आयुष्य ठरत नाही, हे त्यांना त्या आकड्यातून पटलं.

बोलता बोलता ते म्हणाले, "मशीनवर धाग्याचं टेन्शन जास्त कसलं की चांगलं कापडही गोळा होते. तसंच होऊन राहिलं म्हणता का?" मी म्हटलं, अगदी तसंच. कापड खरं, टाकाही खरा, पण स्क्रू थोडा सैल करता येतो.

समुपदेशकाकडे कशाला, या प्रश्नाचं सगळ्यात ठोस उत्तर मला वाटतं दुसऱ्या भेटीत मिळालं. खोलीत शिरताना त्यांची उजवी चप्पल पायातून निसटली. त्यांनी ती पटकन पायाने ओढून घेतली, वहिनींकडे एक नजर टाकली आणि गप्प राहिले. मी विचारलं, हे कधीपासून? बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंधरा दिवस झाले असतील. डॉक्टरले नाही सांगितलं जी. सांगितलं की ऑपरेशन म्हणतील."

अंगठा किंवा पाऊल उचलायला ताकद कमी पडणं ही डॉक्टरांना कळायलाच हवी अशी गोष्ट आहे. मी तिथूनच फोन केला आणि त्याच संध्याकाळी त्यांची तपासणी झाली. ताकद थोडीच कमी होती आणि वाढत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी लक्ष ठेवायचं ठरवलं, फिजिओथेरपी सुरू केली आणि काय झालं तर लगेच यायचं ते लिहून दिलं. घाबरलेला माणूस लक्षण लपवतो, हे मी खूपदा पाहिलं आहे. त्याची भीती ऐकून घेणारं कोणी नसेल तर खरी माहिती उपचार करणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.

काही लक्षणांत तर एक रात्रही थांबू नये. लघवी अडणं किंवा कळतच नसणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधली आणि बसण्याची जागा बधिर होणं, दोन्ही पायांत त्रास उतरणं, पाऊल झपाट्याने लुळं पडणं. यातलं काहीही झालं तर सरळ नागपुरातल्या मेडिकल, मेयो, एम्स या सरकारी रुग्णालयांच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. आणि गावाकडे कंबर "बसवून" देणाऱ्याकडे जाऊन झटका देऊन घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ऑपरेशनच्या भीतीवरही आम्ही बोललो. नेदरलँड्समधल्या २००७ च्या एका अभ्यासात लवकर ऑपरेशन झालेल्यांच्या पायाचं दुखणं लवकर थांबलं, पण वर्षअखेरीस थांबून पाहिलेल्यांची आणि त्यांची स्थिती जवळपास सारखी होती. त्यातल्या थांबलेल्यांपैकीही काहींना नंतर ऑपरेशन करावं लागलंच. म्हणजे ज्यांना थांबता येतं, त्यांना विचार करायला वेळ असतो. डॉक्टरांना काय काय विचारायचं ते भाऊंनी बिलबुकाच्या मागे लिहून नेलं. गोळ्यांनी गरगरतं, हेही त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. नसेच्या दुखण्याच्या काही गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, त्यामुळे ते आपल्या मनाने न थांबवता डॉक्टरांनाच विचारावं लागतं.

मग आलं काम. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि त्याआधीचे काही आठवडे गणवेशाचे. भाऊंची वर्षाची मोठी कमाई तेव्हाची. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या, पूर्ण हंगाम सोडायचा किंवा दात ओठ खाऊन मशीनवर बसायचं. कटिंग तर उभ्यानेच होतं, हे मी त्यांना आठवून दिलं. टेबलाखाली विटा लावून त्याची उंची वाढवली, मशीन कारागिरांकडे दिली. नियम एकच ठेवला, दुखेपर्यंत काम करायचं नाही, घड्याळ पाहून थांबायचं. बरं वाटलं की दिवसभर राबायचं आणि मग दोन दिवस पडून राहायचं, हे चक्र पाठदुखीच्या बहुतेक कष्टकरी माणसांत दिसतं. ते तोडायला दुखत नसतानाही थांबावं लागतं, आणि तेच फार जड जातं. भाऊंनी सुरुवातीला गजर बंद करून काम रेटलं. वहिनींनी गजराचा मोबाइल स्वतःकडे घेतला तेव्हा कुठे जमलं. पहाटे ऊन चढायच्या आत ‘शुक्रवारी’ नावाच्या तलावाकडे रोज थोडं चालणंही सुरू झालं, आधी अगदी पाच मिनिटं.

घरासाठी एक ठराव केला. वहिनी दिवसभर "दुखून राहिलं का?" विचारायच्या. काळजीपोटीच, पण त्यामुळे भाऊंचं लक्ष दर वेळी पायाकडे जायचं. आता विचारायचं नाही, रात्री जेवताना भाऊंनी स्वतः एकदा सांगायचं, आणि "बरं आहे" असं खोटं सांगायचं नाही. पोराशी मात्र त्यांनी स्वतःहून बोलायला वेळ घेतला. एका भेटीत सांगितलं, "त्याले म्हटलं, तुझ्यामुळे नाही झालं बाबू." पोरगा रडला म्हणे.

ऐन हंगामात दुखणं पुन्हा भडकलं. भाऊंचा फोन आला, सगळं पहिल्यावर आलं म्हणून. अशा वेळेसाठी आम्ही आधीच एक कागद तयार केला होता, त्यांच्याच शब्दांत. "पाय आग करून राहिला म्हणजे गादी पुन्हा फाटली असं नाही. चप्पल पाहायची, लघवी पाहायची. ठीक असेल तर कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी, श्वास हळू सोडायचा. दोन दिवस काम अर्धं, बंद नाही." तो कागद ते टेपच्या ड्रॉवरमध्ये ठेवत. त्या रात्री वाचून घेतला, आणि चौथ्या दिवशी टेबलाशी उभे राहिले.

एक प्रश्न मी अशा प्रत्येकाला विचारते, त्यांनाही विचारला. जगणं नको असं वाटतं का? महिनोन्‌महिने न झोपलेल्या माणसाच्या मनात तो विचार येऊ शकतो, आणि सरळ विचारल्याने तो वाढत नाही. भाऊ म्हणाले, एका रात्री वाटलं होतं. त्यावर आम्ही त्याच दिवशी मोकळेपणी बोललो आणि वहिनींनाही सामील करून घेतलं. तुमच्या घरात कोणाला असं वाटत असेल तर शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

दिवाळीपर्यंत पायातला करंट जवळपास गेला आणि चप्पल पायात टिकू लागली. अंगठ्याजवळचा बधिरपणा अजून आहे. नसेला सावरायला महिने लागतात आणि कधी थोडा बधिरपणा राहूनही जातो, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं. भाऊंनी ते ऐकून घेतलं, मशीनवर सलग बसणं कायमचं कमी केलं, आणि पुढच्या जूनसाठी एक कारागीर आत्ताच बोलून ठेवला आहे.