वाफेची रेलमोटर बंद पडली ती गर्दीमुळे

प्रश्न असाय की इंग्लंडात डब्यातच वाफेचं इंजिन बसवलेल्या गाड्या (रेलमोटर) होत्या तर त्या टिकल्या का नाहीत, आणि एकाचं म्हणणं असं की इंजिन दुरुस्तीला गेलं की अख्खा डबा अडकून पडायचा म्हणून. खरंय, पण मला ते मुख्य कारण वाटत नाही.

1903 च्या आसपास इलेक्ट्रिक ट्राम रेल्वेचं जवळच्या अंतराचं गिऱ्हाईक पळवत होत्या. ग्लॉस्टरशरमधे स्ट्राउडच्या खोऱ्यात ट्राम टाकायचं घाटत होतं, तेव्हा ग्रेट वेस्टर्न रेल्वेने आधी लंडन अँड साउथ वेस्टर्न या दुसऱ्या रेल्वे कंपनीची एक अशीच गाडी उसनी आणून चालवून बघितली आणि ऑक्टोबर 1903 मधे चॅलफर्ड ते स्टोनहाउस स्वतःच्या दोन रेलमोटर सोडल्या. वाटेत छोटे हॉल्ट, बुकिंग ऑफिस नाही, नीट प्लॅटफॉर्म नाही, चढा-उतरायला डब्यालाच फोल्डिंग पायऱ्या आणि तिकीट गार्डने गाडीतच फाडायचं, थोडक्यात आपल्या एस्टीचा कारभार. लोकांना आवडलं आणि 1908 पर्यंत 99 गाड्या झाल्या.

आता इंजिन. डब्याच्या एका टोकाची चार चाकांची ट्रॉली म्हणजेच पूर्ण इंजिन, तिच्यावरच उभा बॉयलर आणि बाहेर दोन सिलिंडर, 12 इंच व्यास 16 इंच स्ट्रोक. सगळं एकाच ट्रॉलीवर असल्यामुळे वळणावर बॉयलर ट्रॉलीबरोबर फिरतो आणि बॉयलरपासून सिलिंडरपर्यंतच्या वाफेच्या पाइपला लवचिक सांधा लागत नाही, फक्त पाण्याची टाकी डब्याखाली म्हणून तिथून रबरी होज. हे डोकं मस्त लावलंय. बॉयलर उभा का, तर जागा कमी खातो, पण त्याची गोम अशी की फायरबॉक्समधून (जिथे कोळसा जळतो) वर जाणाऱ्या नळ्यांचा वरचा भाग पाण्याच्या बाहेर राहतो, तिथे वाफ जरा सुकते हे चांगलं पण नळ्या तापून गळायला लागतात. शिवाय कोळसा जळतो ती जाळी लहान, म्हणजे आग लहान, म्हणजे वाफ पण मोजकीच.

परतीच्या प्रवासात इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायची भानगड नाही, ड्रायव्हर सरळ चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमधे जायचा, रेग्युलेटर, म्हणजे वाफ कमी-जास्त सोडायचा व्हॉल्व्ह, तिथून लांब रॉडने चालायचा आणि मागे बॉयलरपाशी फायरमन एकटा, कोळसा, पाणी, रिव्हर्सर (पुढे-मागे दिशा बदलायचा दांडा) सगळं त्याच्याकडे, दोघांचं बोलणं घंटीवर.

मग गडबड कुठे झाली? डबा इंजिनांच्या शेडमधे उभा राहून काजळीने माखायचा हे आहेच. पण डबा अडकण्यावर कंपनीने उपाय केला होता, ट्रॉल्या जास्तीच्या बनवून ठेवल्या होत्या, एक काढून दुसरी सरकवायची. उपाय नव्हता तो गर्दीवर. गाडी चालली, लोक वाढले, मग मागे एक जादा डबा जोडला की सपाटीवर कसंबसं निभायचं आणि चढ आला की जीव जायचा, आणि बॉयलर मोठा करावा तर डब्यात जागाच नाही!! म्हणून शेवटी इंजिन वेगळं केलं पण दोन्ही टोकांनी चालवायची युक्ती ठेवली, छोटं टँक इंजिन (पाणी-कोळसा स्वतःवरच वाहणारं) आणि ज्याच्या टोकाच्या केबिनमधून रॉडने इंजिन चालवता यायचं असा ट्रेलर डबा, त्याला ऑटोट्रेन म्हणायचे. बऱ्याच रेलमोटरचे डबे इंजिन काढून तसेच ट्रेलर केले, शेवटची 1935 मधे गेली.

मधे 1920 च्या दशकात सेंटिनेल कंपनीने पुन्हा प्रयत्न केला, ते वाफेचे ट्रक बनवणारे, त्यामुळे त्यांचा बॉयलर छोटा आणि जास्त प्रेशरचा. एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) कंपनीने त्या गाड्या बऱ्याच घेतल्या आणि जुन्या घोडागाड्यांची नावं दिली. माझ्या मते इंजिन म्हणून त्या जास्त हुशार, पण जादा डबा ओढायची वेळ आली की दुखणं तेच.

अशी गाडी बघायची असेल तर इंग्लंडात डिडकॉटच्या रेल्वे संग्रहालयात 93 नंबरची आहे, मूळ 1908 ची. तिचा पण ट्रेलर झाला होता, पुढे तर डब्याचा ऑफिस म्हणून वापर झाला. तिथल्या संस्थेने बॉयलरसकट इंजिनाची ट्रॉली नव्याने बांधली आणि 2011 मधे ती परत वाफेवर धावली.