बाप्टिस्ट लोक नेमकं काय मानतात?

तुमची भाची नोकरीसाठी नागालँडमध्ये दिमापूरला गेली आहे, ऑफिसातले बहुतेक सहकारी बाप्टिस्ट आहेत. हे लोक कॅथलिकांपेक्षा वेगळे कसे, त्यांची मूल्यं कोणती आणि तिच्यावर धर्म बदलायचा दबाव येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः बाप्टिस्ट आहे. माहेर नगरचं, आता पुण्यात असते. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बायबल हा शेवटचा आधार, येशू ख्रिस्त हाच तारणारा, त्याचं मरण आणि पुनरुत्थान, हे सगळं आमच्यात आणि इतर प्रोटेस्टंटांमध्ये सारखंच आहे. पोप नाही, मूर्ती नाहीत, संतांकडे मध्यस्थी मागणं नाही. वेगळेपण एका गोष्टीत आहे आणि बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं: देवावरचा विश्वास कोणी कोणाच्या वतीने ठेवू शकत नाही. आईबापांनी मुलाच्या वतीने नाही, पाळकांनी (म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी) मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, वतीने नाही आणि राजाने प्रजेच्या वतीने तर मुळीच नाही.

म्हणून आमच्याकडे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, होत नाही. बाळाला मंडळीपुढे आणून समर्पणाची प्रार्थना करतात, तेवढंच. पुढे ते मूल कळत्या वयात स्वतःहून मागेल तेव्हा बाप्तिस्मा, आणि तोही पूर्ण पाण्यात बुडवून. काही चर्चमध्ये व्यासपीठाच्या फळ्या काढल्या की खाली हौद असतो. हौद नसेल तिथे नदी किंवा तलाव. बाप्तिस्मा घेणारा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून सगळ्यांदेखत आपली साक्ष, म्हणजे आपण विश्वास कसा ठेवला ते, सांगतो, हात छातीशी जोडून घेतो. पाळक एक हात त्याच्या पाठीला लावतात, दुसरा त्या जोडलेल्या हातांवर ठेवतात आणि त्याला मागे झुकवून अलगद पाण्याखाली नेतात. चेहरासुद्धा क्षणभर पाण्याखाली जातो. ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणं, बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातली ही गोष्ट तिथे डोळ्यांना दिसते.

माझं माहेर अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं, म्हणजे तान्हेपणी बाप्तिस्मा देणारं. मी मोठेपणी पाण्यात उतरायचं ठरवलं तेव्हा आईला फार लागलं. ‘म्हणजे आम्ही दिलेला बाप्तिस्मा खोटा का?’ असं ती म्हणाली. मी तिला सांगितलं की तुम्ही मला देवाच्या हाती सोपवलंत हे खरंच आहे, पण ‘हो’ मला माझ्या तोंडाने म्हणायचंय. त्या रविवारी ती आली, पहिल्या बाकावर बसली, आणि मी बाहेर आल्यावर अंगावर टॉवेल तिनेच टाकला. तिचं मत मात्र आजही तेच आहे. ख्रिस्ती कुटुंबांत हा प्रश्न खरोखर नाजूक असतो.

गंमत म्हणजे नगरची आमची मंडळी आणि नागालँडच्या मंडळ्या या एकाच मोहिमेच्या दोन फांद्या म्हणता येतील. 1812 साली अमेरिकेतल्या काँग्रिगेशनल मंडळींनी (हा तान्हेपणी बाप्तिस्मा देणारा प्रोटेस्टंट पंथ) आपले पहिले मिशनरी हिंदुस्थानात धाडले. त्यांच्यातल्या अडोनिराम जडसनला ठाऊक होतं की बंगालमधल्या श्रीरामपूरला (सेरामपूर) विल्यम केरी आणि त्यांचे बाप्टिस्ट सोबती भेटणार, बाप्तिस्म्यावर वाद होणार. म्हणून जहाजावरच तो त्या विषयाचा अभ्यास करत बसला, आणि शेवटी त्यालाच बाप्टिस्टांचं म्हणणं पटलं. त्याच वर्षी सप्टेंबरात कलकत्त्याला त्याने पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला आणि परक्या मुलखात असताना आपला खर्च चालवणारी संस्था सोडली. तो पुढे ब्रह्मदेशात गेला. त्याचा सोबती ल्यूथर राइस यानेही तोच निर्णय घेतला आणि तो अमेरिकेत परतला. तिथल्या बाप्टिस्टांना त्याने एकत्र आणलं आणि 1814 मध्ये त्यांची स्वतःची मिशन संस्था उभी राहिली. तिच्याच परंपरेतले ई. डब्ल्यू. क्लार्क 1872 साली आजच्या नागालँडमधल्या आओ नाग जमातीच्या मोलुंगकिमोंग गावात पोचले. त्यांच्याआधी तिथे जाऊन वाट मोकळी केली होती ती गोधुला या आसामी ख्रिस्ती प्रचारकाने. जडसनच्या तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र आपल्या जुन्या मतावर राहिले, 1813 मध्ये मुंबईत उतरले, आणि त्यांच्यापासून मराठी मिशन सुरू झालं. महाराष्ट्रात बाप्टिस्ट कमी का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. केरींचं नाव मात्र मराठी माणसाने विसरू नये. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवताना वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी 1805 मध्ये मराठीचं व्याकरण आणि 1810 मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला.

आता मंडळीचा कारभार. आमच्यात बिशप नसतो. प्रत्येक मंडळी स्वतंत्र. संघ आणि कौन्सिलं असतात, पण ती सल्ला देतात, सहकार्य करतात, वरून हुकूम सोडत नाहीत. पाळक कोण असावा, डीकन (मंडळीचं काम पाहणारा सेवक) कोण, पैसा कशावर खर्च करायचा, हे सभासद ठरवतात. वार्षिक सभेत मागचं इतिवृत्त वाचलं जातं, खजिनदार हिशेब मांडतो, कोणीतरी लाइटबिल एवढं कसं आलं म्हणून उठतं, मग हात वर करून मतदान. धुणीभांडी करणाऱ्या मावशींचं मत आणि बँकेतल्या मॅनेजरचं मत सारखंच मोजलं जातं. प्रत्येक विश्वासणारा देवासमोर याजक आहे, मध्ये दुसऱ्या पुरोहिताची गरज नाही, ही शिकवण मला प्रवचनापेक्षा त्या सभेत जास्त समजली. यात भांडणंही होतात, मंडळ्या फुटतात. वरून निवाडा करणारं कोणी नसल्याची ती किंमत आहे आणि ती मोजण्यासारखी आहे, असं मला वाटतं.

माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचं मूल्य म्हणजे धर्मस्वातंत्र्य, आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचा धागा तिथेच आहे. पहिली इंग्रज बाप्टिस्ट मंडळी 1609 च्या सुमारास अ‍ॅम्स्टरडॅमला निर्वासितांमधून जमली. त्यांच्यातले थॉमस हेल्विस 1612 मध्ये इंग्लंडला परतले आणि त्यांनी राजा पहिल्या जेम्सला उद्देशून लिहिलं की माणसाचा धर्म हा तो आणि देव यांच्यातला मामला आहे, राजाला त्यात अधिकार नाही. कोणी पाखंडी असो, मुसलमान असो, ज्यू असो, धर्मापायी त्याला शिक्षा करणं हे सत्तेचं काम नव्हे. ज्या काळात वेगळ्या मताला देहदंड होता त्या काळात हे लिहिलंय, आणि तेही फक्त स्वतःपुरतं मागितलेलं नाही. हेल्विस लंडनच्या न्यूगेट तुरुंगातच वारले. पुढे 1801 मध्ये अमेरिकेत कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांनी राष्ट्राध्यक्ष जेफरसनना पत्र लिहून तक्रार केली की धर्मस्वातंत्र्य हा हक्क असायला हवा, सरकारची मेहरबानी नको. धर्म आणि सत्ता यांच्यातल्या भिंतीबद्दलचे जेफरसनचे प्रसिद्ध शब्द त्या पत्राच्या उत्तरातलेच, 1 जानेवारी 1802 चे.

या मूल्यांना बाप्टिस्ट नेहमी जागले असं म्हणणं खोटं ठरेल. अमेरिकेतले दक्षिणेकडचे बाप्टिस्ट 1845 मध्ये वेगळे झाले ते गुलामगिरीच्या प्रश्नावरून, आणि त्यांच्या संघटनेने त्याची माफी मागितली ती थेट 1995 मध्ये. त्याच धर्मपरंपरेतून मार्टिन ल्यूथर किंगही आले, ते बाप्टिस्ट पाळक होते. नागालँडमध्ये 1989 पासून दारूबंदीचा कायदा आहे आणि तिथली बाप्टिस्ट चर्च कौन्सिल त्याच्या पाठीशी ठाम उभी आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं पाहिलेल्यांची कळकळ मला समजते. तरी, जी मंडळी विवेकावर सत्तेची जबरदस्ती नको म्हणत जन्माला आली, तिने संयमासाठी कायद्याचा आधार घ्यावा हे मला पटत नाही. आमच्यातल्या कित्येकांना हे माझं मत आवडणार नाही.

तर भाचीबद्दल. तिला चर्चला बोलावतील, नाताळात घरी जेवायला नक्कीच बोलावतील. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा सामान शनिवारीच भरून ठेवायला सांगा. कोणी उत्साहाने येशूविषयी बोलेल, कारण साक्ष देणं हा आमच्या विश्वासाचा भाग आहे. तिला नको असेल तर तिने हसून, स्पष्ट ‘नाही’ म्हणावं. त्यानंतरही कोणी पिच्छा पुरवला तर तो बाप्टिस्टांचीच शिकवण मोडतोय हे तिने बेलाशक त्याला सुनवावं. जबरीने दिलेल्या बाप्तिस्म्याला आमच्याकडे काही अर्थच नाही. उपासनेला गेली तर गाण्याच्या वेळी सगळ्यांबरोबर उभं राहिलं की पुरे. प्रभुभोजनाच्या दिवशी (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून होणारा हा विधी) भाकर आणि द्राक्षरसाचे छोटे पेले असलेलं तबक बाकावरून फिरत येईल, ते न घेता शेजाऱ्याकडे द्यावं. कोणी वाईट वाटून घेणार नाही.